कपटी भेट

ग्रीक लोकांनी ट्रॉय नगरीला दहा वर्षे वेढा दिला, तरी तिचा तट काही केल्या पडेना, अशी एक प्राचीन कथा आहे. अखेर ग्रीकांनी एक प्रचंड लाकडी घोडा तयार केला. त्याच्या पोकळ पोटात निवडक योद्धे लपविले आणि घोडा तेथेच सोडून माघार घेतल्याचा बहाणा केला. ट्रॉयच्या लोकांनी तो घोडा स्वतःच्या हातांनी नगरात ओढून नेला. रात्री सारे नगर झोपले असता योद्धे बाहेर पडले व त्यांनी वेशीचे दरवाजे उघडले. जे दहा वर्षांत पराक्रमाने साधले नव्हते, ते एका रात्रीत कपटाने साधले.

या कथेवरूनच संगणकातील एका घातक आज्ञावलीला ‘ट्रोजन’ हे नाव मिळाले. आज्ञावली म्हणजे संगणकाला काम सांगणारा प्रोग्रॅम. संगणकातील ‘विषाणू’ स्वतःच्या प्रती काढून एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये पसरतो. ट्रोजन तसे करीत नाही. तो उपयोगी वस्तूचे सोंग घेऊन दाराशी येतो आणि घरधनी स्वतःच त्याला आत घेतो.

डिसेंबर 1989 मध्ये असाच एक घोडा हजारो लोकांच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्या काळी फ्लॉपी नावाच्या पातळ चकतीवर माहिती साठवीत असत. लंडनहून अशा सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने पाठविण्यात आल्या. त्यांत एड्स या रोगाची माहिती आहे, असे वर छापलेले होते. एड्सविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेस गेलेल्या अनेकांनाही त्या मिळाल्या. फ्लॉपी संगणकात घालताच रोगासंबंधी प्रश्न विचारले जात व माहितीही मिळे. म्हणून कोणाला संशय आला नाही. परंतु संगणक किती वेळा सुरू झाला, याची मोजणी ती आज्ञावली गुपचूप करीत होती. सुमारे 90 वेळा तो सुरू झाला की फाइलींची नावे गूढ अक्षरांत बदलत आणि पडद्यावर मागणी उमटे, ‘189 डॉलर पनामा देशातील अमुक टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवा.’

अनेकांची गाळण उडाली. काहींनी घाबरून संगणकातील सर्वच मजकूर पुसून टाकला. इटलीतील एका संस्थेचे दहा वर्षांचे काम अशा रीतीने नष्ट झाल्याची नोंद आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी, त्यातलाच हा प्रकार झाला. इंग्लंडमधील संगणकतज्ज्ञ जिम बेट्स यांनी मात्र ती आज्ञावली शांतपणे उलगडून पाहिली. तेव्हा असे दिसून आले, की फाइलींची केवळ नावे बदलली होती. आतला मजकूर जसाच्या तसा होता. नावे बदलण्याची रीतही ठराविक होती. बेट्स यांनी ट्रोजन काढून टाकणारी व नावे पूर्ववत करणारी आज्ञावली रचली आणि ती लोकांना विनामूल्य दिली. ज्यांनी धीर धरला होता, त्यांचे काम वाचले. पुढे जोसेफ पॉप या अमेरिकन शास्त्रज्ञावर या कृत्याचा आरोप ठेवण्यात आला. परंतु त्याची मनःस्थिती ठीक नसल्यामुळे खटला चालू शकला नाही.

आता फ्लॉपी गेली. कपट मात्र गेलेले नाही. ट्रोजन आज ई-मेलला जोडलेल्या फाइलमधून येतो, फुकट मिळणाऱ्या चोरट्या खेळांतून येतो, कधी ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ अशा खोट्या इशाऱ्यातूनही येतो. भारतात अनेकांच्या मोबाइलवर तो लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या रूपाने आला आहे. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे दिसली, तर ती पत्रिका नसून आज्ञावली आहे, हे ओळखावे.

आत शिरलेला ट्रोजन काही लक्षणांवरून ओळखता येतो. संगणक एकाएकी मंदावतो. कोणी न बसविलेल्या आज्ञावली दिसू लागतात. विषाणूरोधक आज्ञावली आपोआप बंद पडते. ओळखीच्या लोकांना न लिहिलेले निरोप जातात. तथापि, प्रत्येक ताप जसा विषमज्वर नसतो, तसा मंदावलेला प्रत्येक संगणक ट्रोजनग्रस्त नसतो. म्हणून निदान आधी करावे, उपचार नंतर.

पहिला उपाय म्हणजे इंटरनेटची जोडणी तोडणे. त्यामुळे चोरलेली माहिती बाहेर जात नाही आणि कार्यालयातील इतर संगणकही सुरक्षित राहतात. त्यानंतर घरातील वडीलधाऱ्यांना किंवा कार्यालयात संगणकांची व्यवस्था पाहणाऱ्याला लगेच सांगावे. लपवून ठेवू नये. मग विश्वासू व अद्ययावत विषाणूरोधक आज्ञावलीने संपूर्ण संगणक तपासावा. काही ट्रोजन चालू संगणकात दडून बसतात. त्यांच्यासाठी विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी करण्याची सोय असते. सापडलेला ट्रोजन काढून टाकल्यावर तपासणी पुन्हा एकदा करावी. सर्व पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष संगणकावरून बदलावेत. एवढे करूनही शंका उरली, तर संगणक पूर्ण पुसून सर्व काही नव्याने बसवावे लागते.

आजचे काही ट्रोजन फाइलींची नावेच नव्हे, तर आतला मजकूरही कुलूपबंद करतात. खंडणी दिली तरी मजकूर परत मिळेलच, याची खात्री नसते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत निराळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी. ज्याच्याजवळ अशी प्रत आहे, त्याला खंडणीखोराचे भय कमी असते.

ट्रॉयचा तट शेवटपर्यंत अभंग होता. चूक तटाची नव्हती. न पारखता भेट आत घेणाऱ्यांची होती. आलेली भेट पारखून घेणे आणि संकट आलेच तर धीर न सोडणे, हीच संगणकाची खरी तटबंदी होय.

शब्दार्थ
बहाणा – खोटे सोंग. गाळण उडणे – फार घाबरणे. विषमज्वर – टायफॉइड. अद्ययावत – आजपर्यंतच्या सुधारणा असलेले. खंडणी – धाक दाखवून घेतलेले पैसे. अभंग – न मोडलेला.

स्वाध्याय
१. ट्रोजन आणि विषाणू यांत कोणता फरक आहे?
२. 1989 मधील फ्लॉपीचा लोकांना संशय का आला नाही?
३. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण पाठात कोणत्या प्रसंगी आली आहे? ती तेथे कशी लागू पडते?
४. कारणे द्या : (अ) प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. (आ) प्रत ठेवलेली डिस्क संगणकापासून अलग ठेवावी.
५. वाक्यांत उपयोग करा : धीर धरणे, सोंग घेणे, गाळण उडणे.