झूलन गोस्वामी : चरित्रपाठ
(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी)

पाठाचा हेतू

थोरांची चरित्रे सांगताना आपण बहुधा राजे, संत व देशभक्त ह्यांच्याकडे वळतो. खेळाडूचे चरित्र वर्गात क्वचितच येते आणि स्त्री-खेळाडूचे तर त्याहूनही क्वचित. चिकाटी, शिस्त व पराभव पचविण्याची शक्ती हे गुण मुलांच्या मनावर ठसविण्यास असे चरित्र फार उपयोगी पडते. शिवाय ह्या पाठाचा एक हेतू शिक्षकांपुरताही आहे. शाळेच्या मैदानावर मुलींच्या वाट्यास काय येते, ह्याचा विचार पाठ शिकविणाऱ्याने अगोदर स्वतः करावा.

विषयविवेचन

पश्चिम बंगालमधील नदिया जिल्ह्यात चाकदहा नावाचे लहानसे शहर आहे. तेथील एका मध्यमवर्गीय कुटुंबात २५ नोव्हेंबर १९८२ रोजी झूलन गोस्वामी ह्यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना फुटबॉलचे वेड होते. १९९२ च्या विश्वचषकाचे सामने दूरदर्शनवर पाहून क्रिकेटची गोडी लागली. गल्लीतील मुलांबरोबर त्या खेळू लागल्या. परंतु त्यांची गोलंदाजी मंद म्हणून मुले त्यांची थट्टा करीत. तेव्हा रुसून घरी न बसता, आपण वेगानेच चेंडू टाकावयाचा असा निश्चय त्यांनी केला.

१९९७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांच्यात झाला. सीमेबाहेर गेलेले चेंडू उचलून देण्याचे काम ज्या मुलींकडे होते, त्यांत पंधरा वर्षांच्या झूलनही होत्या. स्त्रिया एवढ्या मोठ्या मैदानावर खेळतात आणि जगज्जेत्या होतात, हे त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपली वाट तेथेच ठरली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

चाकदहास शिक्षणाची सोय नव्हती. म्हणून पहाटे उठून आगगाडीने साठाहून अधिक किलोमीटर दूर कोलकात्यास जावयाचे, सराव करावयाचा आणि परत येऊन शाळा गाठावयाची, असा क्रम सुरू झाला. मुलीने शिकावे, खेळात वेळ दवडू नये, असे घरच्यांना वाटे. अशा वेळी स्वपन साधू ह्या प्रशिक्षकांनी त्यांची उंची व खांद्याची ताकद हेरली, त्यांस गोलंदाजीकडे वळविले आणि घरच्या मंडळींची समजूतही घातली.

जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध त्या प्रथम भारताकडून खेळल्या. २००६ साली इंग्लंडमधील टाँटन येथे एका कसोटीत त्यांनी ७८ धावांत १० बळी घेतले व भारताने ती मालिका जिंकली. २००७ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून त्यांचा गौरव केला. पुढे त्या भारताच्या कर्णधार झाल्या. २०१० साली अर्जुन पुरस्कार व २०१२ साली पद्मश्री हे सन्मान त्यांस लाभले.

तथापि हे चरित्र केवळ विजयांचे नव्हे. विश्वचषक त्यांच्या हाती कधीच आला नाही. २००५ च्या अंतिम सामन्यात भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला. २०१७ साली लॉर्ड्सवर त्यांनी २३ धावांत ३ बळी घेतले, तरीही इंग्लंडने भारतास अवघ्या ९ धावांनी हरविले. त्या वेळी त्यांचे वय चौतीस होते. वेगवान गोलंदाजाचे शरीर त्या वयापूर्वीच थकते. परंतु त्या आणखी पाच वर्षे खेळल्या आणि २४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच लॉर्ड्सवर, विजयी सामना खेळून, निवृत्त झाल्या.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक प्रथमच जिंकला. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना ह्या त्या संघाच्या उपकर्णधार होत्या. विजयी मुलींनी तो चषक झूलन गोस्वामींच्या हाती दिला, तेव्हा त्यांस अश्रू आवरले नाहीत. ज्याने पेरले त्यास कापणीचा मान द्यावा, ही आपली शेतकऱ्यांची रीत मुलांस चांगली ठाऊक असते. हा प्रसंग त्यांस सहज समजेल.

शिक्षकांनी ध्यानी घ्यावयाच्या गोष्टी

पुष्कळ शाळांत खेळाच्या तासाला मुलगे मैदान व्यापतात आणि मुली कडेला बसून पाहतात, किंवा मैदान झाडण्याचे काम त्यांच्याकडे येते. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नाही. तशी वहिवाट पडलेली असते. ती मोडण्यास पैसा लागत नाही. खेळाच्या पाळ्या हजेरीपटाच्या क्रमाने लावाव्यात. चेंडू व फळी दोन्ही प्रत्येक मुलीच्या हाती येतील असे पाहावे. ज्या मुलीस खेळाची आवड दिसेल, तिच्या घरी एकदा जाऊन यावे. प्रत्येक मुलगी झूलन होणार नाही. परंतु चेंडू हाती आल्याशिवाय एकही होणार नाही. शिक्षकाचा शब्द गावात आजही मोलाचा आहे, तो अशा कामी खर्च करावा.

गणिताशी सांगड

पुढील आकडे फळ्यावर लिहावे.

एकदिवसीय : सामने २०४, बळी २५५
कसोटी : सामने १२, बळी ४४
वीस षटकांचे : सामने ६८, बळी ५६

एकूण सामने व एकूण बळी काढून दर सामन्यास सरासरी किती बळी पडले, हे मुलांकडून काढून घ्यावे. (उत्तर : २८४ सामने, ३५५ बळी, सरासरी १.२५.) केवळ एकदिवसीय सामन्यांची सरासरीही तेवढीच येते, हे मुलांनी स्वतः शोधावे.

प्रश्न व स्वाध्याय

१. मुलांनी थट्टा केली तेव्हा झूलन ह्यांनी काय ठरविले?
२. भारताच्या नकाशात नदिया जिल्हा, कोलकाता व नवी मुंबई दाखवा.
३. विश्वचषक न मिळताही त्यांचे जीवन यशस्वी का म्हणावे? पाच ओळी लिहा.
४. आपल्या शाळेत गेल्या आठवड्यात किती मुलगे व किती मुली मैदानावर खेळल्या, ह्याची नोंद करा. हा तक्ता शिक्षकांनी वर्गात लावावा आणि महिन्याने तो पुन्हा करून पाहावा.