पॅडवादकाने ड्रम सॉफ्टवेअर कसे पारखावे

इलेक्ट्रॉनिक पॅड संगणकाला जोडला की त्याच्याकडून आवाज नव्हे, निरोप जातो; कोणत्या पॅडवर काठी पडली आणि किती जोराने पडली, एवढेच १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी या संकेतपद्धतीतून कळवले जाते, आणि त्या निरोपाला साजेसा, खऱ्या ड्रमवर आधी मुद्रित केलेला आवाज निवडून वाजवणे हे ड्रम सॉफ्टवेअरचे काम असते. म्हणूनच त्यातले आवाज किती सुंदर आहेत यापेक्षा ते वादकाच्या हाताला किती इमानाने उत्तर देते, हा प्रश्न आधी विचारायला हवा. प्रस्तुत लेखकाने तो पैसे मोजून झाल्यावर विचारला.

जाहिरातीतले नमुने बहुधा आधी बारकाईने रचलेल्या मिडी ठेक्यांवर वाजवलेले असतात, आणि अशाच एका नमुन्यावर भाळून लेखकाने मोठा ध्वनिसंच घेतला. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, त्यात बंदपासून पूर्ण उघडीपर्यंत अनेक टप्प्यांत मुद्रित होती. परंतु ते टप्पे वाजण्यासाठी पेडलकडून ० ते १२७ असा सलग बदलणारा नियंत्रणसंदेश यावा लागतो, आणि लेखकाचे पेडल केवळ बटणासारखे, उघडे किंवा बंद एवढेच सांगणारे होते. परिणामी अर्धवट उघड्या हाय-हॅटचा जो सळसळता आवाज ऐकून खरेदी झाली, तोच घरी कधी वाजला नाही.

आघाताच्या जोरालाही, ज्याला व्हेलॉसिटी म्हणतात, १ ते १२७ असे आकडे मिळतात. स्नेअरवरच्या मुख्य ठोक्यांमध्ये अगदी हलके वाजणारे ठोके हा ठेक्याचा प्राण असतो. ते गिळले जात असतील, तर आधी पॅडची संवेदनशीलता आणि मग सॉफ्टवेअरमधील प्रतिसादाची वक्ररेषा जुळवावी. एकच मुद्रण पुन्हा पुन्हा वाजले की ठोके यंत्रवत ऐकू येतात; चांगले सॉफ्टवेअर एकाच जोराची अनेक मुद्रणे आळीपाळीने वापरते, आणि एका पॅडवर अर्धा मिनिट हलक्या हाताने रोल वाजवल्यास हा फरक कानाला लगेच कळतो.

मराठी वाद्यवृंदांतल्या ऑक्टोपॅडवादकांनी पॅडकडून जाणाऱ्या मिडी क्रमांकांची जुळणीही पाहावी, कारण जनरल मिडी या प्रमाणित मांडणीत किक ३६, स्नेअर ३८ आणि बंद हाय-हॅट ४२ असे संकेत असले, तरी ढोलकी-हलगीसाठी मांडलेल्या पॅडचे क्रमांक वेगळे असू शकतात. काठी पडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाचे गणित सरळ आहे: सेकंदाला ४४,१०० ध्वनिनमुन्यांच्या दराने ५१२ नमुन्यांचा बफर, म्हणजे आवाज साठवून पुढे धाडणारा टप्पा, एकटाच सुमारे ११.६ मिलिसेकंद घेतो, तर १२८ चा सुमारे २.९; पहिल्यात हात आणि आवाज यांची फारकत जाणवू लागते. डिस्कवरील जागाही मोजावी, कारण सुपीरियर ड्रमर ३ या सॉफ्टवेअरचा संपूर्ण संच सुमारे २३० जीबीचा आहे.

स्टीव्हन स्लेट ड्रम्ससारख्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्या आपल्याच पॅडवर, आपल्याच पेडलसह निदान आठवडाभर वाजवून पाहाव्यात आणि मगच खरेदीचा विचार करावा.