अब्बांचा कुर्ता पिवळा का दिसतो?

मुलांनो, ईदच्या संध्याकाळी घरातील सर्वांचा एकत्र फोटो काढतात. समजा, तुम्हीही असाच एक फोटो काढला. खोलीत साधा पिवळा बल्ब लागला होता. नंतर पाहता, तर अब्बांचा पांढराशुभ्र कुर्ता हळदीत बुडवल्यासारखा! दादीजानची फिरोजी ओढणी तर चक्क हिरवी झाली आहे.

तुम्ही म्हणाल, "त्या वेळी तर आम्हांला सारे ठीक दिसत होते." ते खरेच आहे. आपले डोळे आणि मेंदू प्रकाशाच्या रंगाशी जुळवून घेतात. म्हणून पांढरा कुर्ता उन्हातही पांढरा वाटतो आणि बल्बखालीही. कॅमेराही तसा प्रयत्न करतो, पण पुष्कळदा फसतो.

साध्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो. त्यामुळे फोटोवर पिवळी झाक येते. उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळी झाक येते, तर काही ट्यूबलाइटखाली हिरवट. ही झाक संगणकावर काढता येते. फोटो सुधारण्याची 'फोटोशॉप' ही आज्ञावली १९९० मध्ये बाजारात आली. 'गिंप' नावाची आज्ञावली तर मोफत मिळते. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे तिचे काम सुरू केले.

आता थोडे गणित पाहू या. डिजिटल फोटो लहान लहान ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे असतात. ते बहुधा ० ते २५५ पर्यंत असतात. तिन्ही आकडे सारखे असले, की ठिपका पांढरा, राखाडी किंवा काळा दिसतो. कुर्त्यावर लाल २३०, हिरवा १९५ आणि निळा १३० असे आकडे आले, तर निळा फार मागे पडला आहे, हे लगेच कळते.

प्रथम मूळ फोटोची एक प्रत काढून ठेवा. हे विसरू नका! मग गिंपमध्ये फोटो उघडून 'कलर्स' या यादीतील 'लेव्हल्स' निवडा. तेथे तीन ड्रॉपर दिसतील. त्यांतला मधला, राखाडी ड्रॉपर घ्या आणि जी वस्तू खरोखर रंगहीन होती, तिच्यावर टिचकी मारा. संगणक तेथील तिन्ही आकडे सारखे करतो आणि त्याच हिशेबाने साऱ्या फोटोचे रंग बदलतो.

पण रंगहीन वस्तू कोणती? येथेच बहुतेकांची चूक होते. अब्बांच्या कुर्त्याला नीळ दिली असेल, तर तो मुळातच किंचित निळसर आहे. त्यावर टिचकी मारली, तर संगणक ती निळाई घालवायला जाईल आणि फोटोत थोडा पिवळेपणा राहील. दात आणि डोळ्यांचा पांढरा भागही शुद्ध पांढरा नसतो. स्टीलचे भांडे शेजारच्या वस्तूंचे रंग दाखवते. अति उजेडाने पांढराफटक झालेला भागही नको. तेथे तिन्ही आकडे २५५ झालेले असतात, म्हणून तो काहीच सांगत नाही. साधी राखाडी भिंत किंवा सिमेंटचा ओटा दिसत असेल, तर उत्तम.

कधी एका बाजूला बल्ब असतो आणि दुसरीकडे खिडकीतून उजेड येतो. अशा वेळी एका टिचकीने काम होत नाही. दोन्ही भाग वेगवेगळे निवडून सुधारावे लागतात. मेणबत्तीच्या उजेडातला फोटो मात्र अगदी पांढरा करू नये, असे मला वाटते. मेणबत्तीची ऊबच त्यातून निघून जाते.

रात्री काम करत असाल, तर पडदा पिवळसर करणारी सोय आधी बंद करा. नाहीतर तुमचेच डोळे फसतील.

आणि ओढणीचा रंग? तो संगणकाला ठाऊक नाही, तो दादीजानना ठाऊक आहे. पुढे तुमची मुले हा फोटो पाहतील, तेव्हा त्यांना ओढणी जशी दिसेल, तशीच ती होती असे वाटेल. म्हणून आजच दादीजानना विचारा. ओढणी पेटीत असेल, तर बाहेर काढा आणि दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून पाहा.