पदवी आणि पहिली नोकरी यांमधील वर्ष : तंत्रज्ञान क्षेत्रातील पूर्वतयारी व समान संधीचा प्रश्न

देशातील महाविद्यालयांमधून दरवर्षी लक्षावधी तरुण संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान व संलग्न विषयांत पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडतात. दुसरीकडे, अपेक्षित कौशल्य असलेले उमेदवार मिळत नाहीत, अशी उद्योगांची तक्रार असते. ही विसंगती केवळ अभ्यासक्रम जुने असल्यामुळे निर्माण झालेली नाही. महाविद्यालयातील शिक्षण आणि कामाच्या ठिकाणचे शिक्षण यांचे स्वरूपच भिन्न असते, हे तिचे मूळ कारण होय. हे अंतर भरून काढण्यासाठी फेलोशिप, इंटर्नशिप व शिकाऊ उमेदवारी असे मार्ग उपलब्ध झाले आहेत. मात्र या मार्गावर कोण चालू शकतो आणि कोणाला तो अर्ध्यावर सोडावा लागतो, याचा विचार केल्याशिवाय त्यांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

तीन संज्ञांमधील भेद

परीक्षार्थींनी प्रथम तीन संज्ञांमधील भेद ध्यानात घ्यावा. शिकाऊ उमेदवारी ही कायद्याने नियंत्रित अशी प्रशिक्षणपद्धती असून तिच्यात आस्थापना व उमेदवार यांच्यात करार होतो, त्याची नोंदणी होते आणि किमान विद्यावेतन देणे बंधनकारक असते. इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा स्वतंत्रपणे घेतलेला कामाचा अल्पकालीन अनुभव. तिच्या अटी सामान्यतः संस्थेनुसार बदलतात. करिअर-पूर्वतयारीची फेलोशिप ही तुलनेने नवी कल्पना आहे. निवडक विद्यार्थ्यांना काही आठवडे किंवा महिने मार्गदर्शक, गटप्रकल्प, तांत्रिक सराव व मुलाखतीची तयारी एकत्रितपणे उपलब्ध करून देणे, हे तिचे स्वरूप असते. तिन्हींचे उद्दिष्ट मात्र एकच आहे : प्रत्यक्ष कामाशी ओळख.

कायदेशीर व संस्थात्मक चौकट

समवर्ती सूचीतील २५ व्या नोंदीत श्रमिकांच्या व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षणाचा समावेश आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषयही याच नोंदीत आणला गेला. त्यामुळे प्रशिक्षण व शिक्षण या दोन्ही बाबतींत केंद्र व राज्ये यांची जबाबदारी सामायिक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा व शिक्षणाचा हक्क मिळवून देण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितलेले आहे.

या क्षेत्रातील मूळ कायदा म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. प्रारंभी त्याचा रोख कारखान्यांतील कुशल कारागीर घडविण्यावर होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, तर १९८६ च्या दुरुस्तीने उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक शाखेच्या विद्यार्थ्यांचा समावेश झाला. २०१४ ची दुरुस्ती तंत्रज्ञान क्षेत्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरली. तिने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही प्रवेश दिला आणि ‘पर्यायी व्यवसाय’ ही संकल्पना आणली. शासनाने अधिसूचित केलेल्या ठरावीक व्यवसायांपलीकडे, स्वतःच्या गरजेनुसार प्रशिक्षण आखण्याची मुभा आस्थापनांना त्यामुळे मिळाली. संगणक व सेवा क्षेत्रांतील नवनवीन कामांसाठी हा बदल उपयुक्त होता.

२०१९ च्या नियमदुरुस्तीनुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविण्यात आले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढ करण्याची शिफारस केली. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नव्हे, तर ‘प्रशिक्षणार्थी’ मानला जातो. प्रशिक्षणानंतर त्याला नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर सर्वसाधारणपणे नसते.

पदवीधर व पदविकाधारकांसाठीची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना शिक्षण मंत्रालय राबविते. मुंबई, चेन्नई, कानपूर व कोलकाता येथील चार प्रादेशिक मंडळांमार्फत तिचे काम चालते. कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू केली. तिच्यात विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपयांचा वाटा केंद्र शासन उचलते. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली.

याखेरीज सशुल्क प्रशिक्षणाचा जुना व प्रतिष्ठित नमुना महाराष्ट्रातच आहे. १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, महासंगणकाच्या निर्मितीबरोबर मनुष्यबळ घडविण्याचेही काम हाती घेतले. सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश आणि सुमारे सहा महिन्यांचे पूर्णवेळ, कसून घेतलेले प्रशिक्षण, हे त्याच्या पदव्युत्तर पदविकांचे वैशिष्ट्य होय. घरबसल्या अभ्यासासाठी आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटेल हा उपक्रम आणि २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ व्यासपीठ उपलब्ध आहे.

प्रशिक्षणार्थी प्रत्यक्षात काय शिकतो ?

जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयातून विज्ञान किंवा संगणक उपयोजन शाखेची पदवी घेतलेला विद्यार्थी प्रशिक्षणासाठी एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत दाखल होतो, तेव्हा त्याला बसणारा पहिला धक्का तांत्रिक ज्ञानाच्या अभावाचा नसतो. महाविद्यालयात त्याने लिहिलेले प्रोग्रॅम पन्नास-शंभर ओळींचे, स्वतःचे आणि एकच निश्चित उत्तर असलेले असतात. प्रात्यक्षिक वहीत उतरले व परीक्षकांची सही झाली की ते संपतात. कंपनीत मात्र त्याच्यासमोर इतरांनी अनेक वर्षांत लिहिलेला हजारो ओळींचा कोड असतो. त्यातील बराच भाग लिहिणारे आता तेथे नसतात. म्हणून आरंभीचे आठवडे लिहिण्यापेक्षा वाचण्यात जातात. दुसऱ्याचे लेखन वाचून त्यामागील विचार ओळखणे, हे त्याला प्रथमच करावे लागते.

दुसरा टप्पा सामूहिक कामाचा. एकाच प्रकल्पावर दहा जण काम करीत असतील, तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘गिट’सारखी प्रणाली वापरणे अपरिहार्य ठरते. कोणी, केव्हा, कोणता बदल केला आणि का केला, हे तीत नोंदले जाते. नवशिक्याने केलेला बदल ज्येष्ठ सहकारी तपासतो, शेरे लिहितो आणि दुरुस्तीसाठी परत पाठवितो. गुणपत्रिकेची सवय असलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला हे शेरे स्वतःवरील टीका वाटतात. ज्येष्ठांचे कामही याच रीतीने तपासले जाते, हे लक्षात आल्यावर त्याची दृष्टी बदलते. चूक लपविण्याऐवजी ती लवकर सांगणे, ही सवय येथेच लागते.

तिसरी गोष्ट विचारण्याची. दररोज सकाळच्या छोट्या बैठकीत काल काय केले, आज काय करणार व कोठे अडले, हे प्रत्येकाला सांगावे लागते. मराठी, हिंदी वा अन्य भारतीय भाषेच्या माध्यमातून शिकलेल्या, विशेषतः कुटुंबातील पहिल्याच पदवीधर पिढीतील विद्यार्थ्याला ‘अडले’ हे इंग्रजीतून चारचौघांत सांगणे कोड लिहिण्यापेक्षा कठीण जाते. परिणामी तो दोन दिवस एकटाच झगडत राहतो. जाणता मार्गदर्शक हे ओळखतो आणि अर्ध्या तासात सुटणारी अडचण अर्ध्या तासातच विचारावी, हा शिरस्ता त्याला घालून देतो. पूर्वतयारीच्या फेलोशिपमध्ये सराव मुलाखतींवर भर दिला जातो, त्याचेही कारण हेच आहे. उत्तर येणे आणि उत्तरापर्यंत कसे पोहोचलो हे मोठ्याने समजावून सांगणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

सहा महिन्यांच्या अखेरीस अशा प्रशिक्षणार्थीजवळ प्रमाणपत्राहून अधिक मोलाची गोष्ट जमा होते. एखादा दोष त्याने कसा शोधला, कोणते पर्याय तपासले व कोणता का निवडला, याची सुसंगत हकिकत तो सांगू शकतो. मुलाखत घेणाऱ्याला त्याच्या क्षमतेचा हाच पुरावा वाटतो. याउलट, जेथे मार्गदर्शक नेमलेला नसतो आणि माहितीची नक्कल करण्यासारखी किरकोळ कामेच दिली जातात, तेथे वर्ष उलटले तरी शिक्षण होत नाही. म्हणून प्रशिक्षणाचा दर्जा त्याच्या कालावधीवरून नव्हे, तर मार्गदर्शनावरून जोखणे उचित ठरते.

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना : आकड्यांचा अर्थ

जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील अग्रगण्य ५०० कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची योजना जाहीर झाली. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचा पथदर्शी टप्पा सुरू केला. या टप्प्यासाठी वयोमर्यादा २१ ते २४ वर्षे व कालावधी १२ महिने ठेवण्यात आला. दरमहा ५,००० रुपयांपैकी ४,५०० शासनाने व ५०० कंपनीने सामाजिक उत्तरदायित्व निधीतून द्यावयाचे होते. याशिवाय एकदाच ६,००० रुपयांचे साहाय्य होते. आय.आय.टी. व आय.आय.एम. यांसारख्या संस्थांचे पदवीधर आणि वार्षिक ८ लाख रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील उमेदवार वगळण्यात आले. ज्यांना ओळखी वा नामांकित संस्थेचा आधार नाही त्यांना दार उघडून देणे, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे. निम्मा कालावधी तरी वर्गात नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या वातावरणात जावा, ही अटही योग्यच होती.

पहिल्या फेरीत १.२७ लाखांहून अधिक संधी उपलब्ध झाल्या. कंपन्यांनी ८२ हजारांहून अधिक प्रस्ताव दिले. त्यांपैकी सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेले उमेदवार सुमारे ८,७०० होते. म्हणजे स्वीकारलेल्या प्रस्तावांपैकी एकतृतीयांशही प्रत्यक्षात उतरले नाहीत. कामाचे ठिकाण, कामाचे स्वरूप आणि दीर्घ कालावधी ही कारणे उमेदवारांच्या प्रतिसादातून पुढे आली.

हे आकडे तरुणांच्या अनास्थेचे निदर्शक मानणे चुकीचे ठरेल. विद्यावेतन व एकरकमी साहाय्य मिळून वर्षाची रक्कम ६६,००० रुपये होते. स्वतःच्या गावी राहणाऱ्या उमेदवाराला ती उपयुक्त आहे. परंतु मराठवाडा, विदर्भ, बुंदेलखंड किंवा झारखंडमधील उमेदवाराला पुणे, हैदराबाद वा बंगळुरू येथे राहायचे असेल, तर खोलीभाडे, अनामत व खानावळ यांचा खर्च या रकमेत भागविणे कठीण आहे. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवासाचा प्रश्न अधिक तीव्र असतो. शेतीत वा छोट्या दुकानात हातभार लावणारा मुलगा वर्षभर बाहेर गेल्याने कुटुंबाचे जे उत्पन्न बुडते, त्याची गणना कोणत्याही तक्त्यात होत नाही.

विद्यावेतन हा समतेचा प्रश्न

विनावेतन प्रशिक्षण वरवर सर्वांना खुले असते. व्यवहारात मात्र ते ज्यांचे पालक वर्षभराचा खर्च सोसू शकतात त्यांच्यासाठीच असते. मग पहिला अनुभव त्यांनाच मिळतो, अनुभवामुळे पहिली नोकरी मिळते आणि गुणवत्तेच्या नावाखाली मूळची विषमताच पुढे चालते. त्यामुळे विद्यावेतनाकडे प्रोत्साहनपर बक्षीस म्हणून न पाहता, संधीची समानता प्रत्यक्षात आणणारे साधन म्हणून पाहणे आवश्यक आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या प्रश्नाला नवी धार आली आहे. साचेबंद कोड लिहून देणारी साधने आता सहज उपलब्ध आहेत. नवशिके ज्या सोप्या कामांवर हात बसवीत असत, त्यांपैकी काही कामे यंत्राकडे जात आहेत. यंत्राने लिहिलेले तपासणे, त्यातील दोष ओळखणे व ग्राहकाची गरज नेमकी समजून घेणे यांचे महत्त्व वाढले आहे. ही कौशल्ये पुस्तकातून पूर्णपणे येत नाहीत. ती अनुभवी व्यक्तीच्या सान्निध्यात काम करूनच येतात.

पुढील दिशा

या अनुभवातून काही उपाय सुचतात. एक, विद्यावेतनाची रक्कम कामाच्या शहरातील राहणीमानाच्या खर्चाशी जोडावी आणि बाहेरगावच्या उमेदवारांना वसतिगृहाची सोय असावी. दोन, संगणकीय कामाचा काही भाग दूरस्थ पद्धतीने करता येतो. त्यासाठी जिल्हा स्तरावरील महाविद्यालये व तंत्रनिकेतनांत सुसज्ज केंद्रे उभारल्यास काम गावाजवळ नेता येईल. तीन, प्रत्येक प्रशिक्षणार्थीस नामनिर्देशित मार्गदर्शक असावा व त्याच्या वेळेची तरतूद कंपनीने करावी. चार, प्रशिक्षणाला शैक्षणिक श्रेयांक मिळावेत. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने त्यासाठी मार्ग मोकळा केला आहे. या योजनांचे यश किती प्रस्ताव दिले गेले यावर न मोजता, किती उमेदवारांनी प्रशिक्षण पूर्ण केले आणि त्यांपैकी किती जण पहिल्या नोकरीपर्यंत पोहोचले, यावर मोजणे इष्ट होय.

सरावासाठी प्रश्न

१. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मधील १९७३, १९८६ व २०१४ च्या दुरुस्त्यांचे महत्त्व स्पष्ट करा.

२. ‘विद्यावेतन हे संधीच्या समानतेचे साधन आहे.’ प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेच्या पथदर्शी टप्प्याच्या संदर्भात चर्चा करा.

३. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचे महत्त्व का वाढते, ते उदाहरणांसह लिहा.