विकतची प्रणाली, मुक्त प्रणाली आणि आपले मराठी

संगणकावर लेखन, हिशेब व तक्ते करण्यासाठी ज्या प्रणाली आहेत, त्यांत मायक्रोसॉफ्ट ऑफिस सर्वांच्या परिचयाची आहे. ती विकत घ्यावी लागते, किंवा वर्षाची वर्गणी भरावी लागते. तिच्याऐवजी लिब्रेऑफिस ही विनामूल्य प्रणाली घेतल्यास काय साधते आणि काय अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी मराठीचा विद्यार्थी, संगणकशास्त्राचा नव्हे. तेव्हा जे लिहितो ते वापरणाऱ्याच्या बाजूने.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना त्यामुळे 'मला फुकट म्हणायचे नाही' हा खुलासा वारंवार करावा लागला. मराठीत दोन स्वतंत्र शब्द असताना आपण मात्र 'फुकट आहे ना?' एवढेच विचारतो! मुक्त म्हणजे जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते ती.

लिब्रेऑफिसचे कुळ जर्मनीतले. तेथील स्टार डिव्हिजन या कंपनीची स्टारऑफिस ही प्रणाली १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि २००० मध्ये तिची संहिता खुली केली. २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी कार्यकर्त्यांच्या एका गटाने डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून वेगळी चूल मांडली. संहिता खुली नसती तर हे घडलेच नसते. मालक बदलला तरी काम थांबले नाही, हे मला किमतीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

म्हणून बदल सोपा आहे असे नव्हे. म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये मुक्त प्रणालींकडे वळण्याचे ठरविले. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. उलट जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे जाहीर केले. दोन्ही उदाहरणे एकाच देशातली. जो तो आपल्या सोयीचे तेवढे सांगतो.

आता आपल्या घरचे. आमच्या विभागाच्या संगणकावर लिब्रेऑफिस बसविले तेव्हा पत्रे व गुणतक्ते विशेष तक्रार न करता उघडले. काही पानांची मांडणी सरकली, कारण मूळचे टंक या संगणकावर नव्हते. मराठीसाठी 'साधने' या यादीतील भाषेच्या पर्यायांत जाऊन मराठी निवडावी लागते, ते एकदाच.

खरी अडचण आली ती जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून लिहून घेतलेल्या ओव्या एका जुन्या टंकात टंकलिखित केलेल्या आहेत. फाइल उघडताच रोमन अक्षरांची खिचडी दिसली, आणि 'नव्या प्रणालीने मराठी बिघडविले' असा बोभाटा झाला. हा आरोप मला मान्य नाही. जुन्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या लेखी ते रोमनच. टंक नसेल तर विकतच्या प्रणालीतही तीच खिचडी दिसते. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून टंक बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो.

तेव्हा प्रणाली बदलणे हे अर्धेच काम. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे उरलेले, आणि अवघड, अर्धे. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणून रूपांतर करताना दोन्हींची जागा बदलावी लागते. आपल्या अर्ध्या 'र'ची तऱ्हा आणखी निराळी. रूपांतराच्या कोष्टकात तो तुकडा नसेल तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'आचाऱ्यांना' दिलेला शिधा 'आचार्यांना' पोहोचतो. ओव्यांत तर पदोपदी सासऱ्याचे नाव! शुद्धलेखन-तपासणी अशा वेळी फारशी उपयोगी नाही, कारण 'दर्या' हाही शुद्धच शब्द आहे. ओवी कानाने ओळखणारा माणूसच तेथे हवा.

यातून एक पथ्य आम्ही ठरविले. नवा मजकूर युनिकोडमध्येच आणि ओडीएफ या खुल्या स्वरूपात साठवायचा. या स्वरूपाला २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे. ही फाइल म्हणजे एक गाठोडे असते. ते सोडले की आतला मजकूर साध्या अक्षरांत वाचता येतो, अमुकच प्रणाली हवी असे नाही. बाहेर पाठवायची प्रत मात्र समोरच्याला हवी त्या स्वरूपात द्यावी. तेथे हट्ट धरण्यात अर्थ नाही.

संग्रहातील ओव्यांचे रूपांतर सुरू आहे. दोघांनी मिळून, एकाने मूळ वही मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, अशी पद्धत आहे. ज्या वह्या वाळवीने खाल्ल्या, त्यांच्या बाबतीत ती फाइल हाच एकमेव पुरावा उरला आहे. म्हणून जुना टंक आणि मूळ फाइल आम्ही अद्याप पुसलेली नाही.