परसातील कोंबड्यांचे जंत व त्यांचा बंदोबस्त

म्हसवड व माण तालुक्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेच्या टापूत येतो. पावसाने दगा दिला की पीक जाते आणि दुभत्या जनावरास वैरण पुरत नाही. अशा वेळी दारच्या दहा-बारा कोंबड्यांची अंडी हाच पुष्कळ घरांत मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यापुस्तकांचा आधार असतो. हे उत्पन्न बहुधा घरातील स्त्रीच्या हाती येते. मानमोडीसारखा रोग चार-आठ दिवसांत खुराडे रिकामे करतो, म्हणून तो सर्वांच्या ध्यानात येतो. जंत मात्र कोंबडीस मारतातच असे नाही; ते तिच्या पोटात बसून तिचे दाणे खातात आणि मालकिणीच्या पदरी येणारी अंडी कमी करतात. म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

जंतांचे प्रकार

कोंबड्यांत मुख्यतः दोन जातींचे जंत आढळतात. पहिला गोल जंत. हा पांढरट-पिवळसर, शेवयासारखा, सुमारे ५ ते १० सेंटिमीटर लांब असून लहान आतड्यात राहतो. दुसरा चपटा किंवा पट्टकृमी. याच्या शरीराचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे शिटेवर दिसतात. मुंग्या, माश्या व शेणातील भुंगेरे यांच्या पोटात त्याची वाढ होते व असे कीटक टिपल्याने तो कोंबडीच्या पोटात शिरतो.

गोल जंताची अंडी शिटेवाटे जमिनीवर पडतात. ती डोळ्यांस दिसत नाहीत. ऊब व ओल मिळाल्यास सुमारे १० ते १२ दिवसांत त्यांत अळी तयार होते. दाणे टिपताना ही अंडी पोटात गेली की पाच ते आठ आठवड्यांत नवे जंत अंडी घालू लागतात.

कोरड्या मुलखातील ओल्या जागा

कडक ऊन व कोरडेपणा यांत जंतांची अंडी फार काळ टिकत नाहीत. या दृष्टीने माणची उघडी, तापणारी जमीन कोंबडीपालकास अनुकूलच आहे. परंतु उन्हाळ्यात कोंबड्या उघड्यावर राहत नाहीत. पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल, मोरीचे सांडपाणी, उकिरड्याची सावली व खुराड्यातील साचलेली शीट या ठिकाणी त्या दिवसभर घोटाळतात. साऱ्या अंगणात ओल असते ती एवढ्याच जागी आणि जंतही तेथेच पोसले जातात. औषधाने कोंबडीचे पोट साफ होते, पण ही जागा साफ होत नाही. जागा तशीच ठेवून वारंवार औषध पाजल्यास पैसा व्यर्थ जातो व कालांतराने जंत त्या औषधास दाद देईनासे होतात.

लक्षणे

तीन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांस जंतांची बाधा अधिक होते. पिल्ले खातात पण वाढत नाहीत, पंख ओघळतात, पातळ हगवण लागते. मोठ्या कोंबडीचा तुरा फिकट पडतो, छातीचे हाड हातास लागते व अंडी कमी होतात. जंत फार झाल्यास आतडे तुंबून पक्षी दगावतो. शिटेत रक्त दिसल्यास मात्र तो बहुधा रक्ती हगवणीचा रोग असतो व त्यावर जंताच्या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणून संशय येताच ताजी शीट स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी.

औषध कसे द्यावे

पायपेराझीन हे औषध पाण्यात विरघळते. त्याने मोठे गोल जंत पडतात, पण पट्टकृमी पडत नाहीत. अल्बेंडाझोल दोन्हींवर चालते. ते पाण्यात विरघळत नाही, भांड्याच्या तळाशी बसते. म्हणून ते प्रत्येक कोंबडीस वेगळे पाजावे. गोल जंतांसाठी दर किलो वजनास १० मिलिग्रॅम हे त्याचे प्रमाण आहे. अडीच टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते. त्या हिशेबाने दीड किलोच्या कोंबडीस ०.६ मिलिलिटर पुरते. अशा १२ कोंबड्यांस ७.२ मिलिलिटर लागेल. पट्टकृमीसाठी मात्रा अधिक लागते. ती पशुवैद्यास विचारून ठरवावी. अंदाजाने टोपणभर औषध ओतू नये. दोन-तीन कोंबड्या ताजव्यात तोलून पाहाव्या.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेक धरावी व बिनसुईच्या पिचकारीने चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजावे. घाई केल्यास औषध श्वासनलिकेत जाते. पुढील दोन दिवस कोंबड्या कोंडून ठेवाव्या. पडलेल्या जंतांतही अंडी असतात. म्हणून ती शीट गोळा करून खड्ड्यात पुरावी. औषधानंतर किती दिवस अंडी व मांस खाऊ अथवा विकू नये, हे औषध आणतानाच विचारून घ्यावे.

केव्हा द्यावे

पिल्ले दोन महिन्यांची झाली की पहिली मात्रा द्यावी व सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावी. मोठ्या कोंबड्यांस वर्षातून दोनदा, मृगापूर्वी एकदा व परतीचा पाऊस ओसरल्यावर एकदा, औषध द्यावे. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेस घरोघरी पाहुणे येतात व कोंबड्या-अंड्यांस मागणी वाढते. तेव्हा दुसरी मात्रा यात्रेच्या पुरेशी आधी उरकावी. मानमोडीची लस टोचण्यापूर्वी आठवडाभर आधी जंत पाडावे, म्हणजे लस चांगली लागू पडते.

बिनखर्चाचे उपाय

पाण्याचे भांडे विटांवर ठेवून त्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. दाणे ओल्या मातीत न फेकता परातीत टाकावे. खुराड्यातील शीट दर आठवड्यास खरवडून उन्हात जागा वाळवावी. फळ्यांवर उकळते पाणी ओतावे. चुन्याने जागा कोरडी होते, परंतु जंतांची अंडी मरतील असा भरवसा धरू नये. पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून दूर, कोरड्या जागी डालग्याखाली वाढवावी.

बारा कोंबड्यांपैकी चार जरी जंतांमुळे अंडी देईनाशा झाल्या, तरी बाजारात जाणाऱ्या टोपलीतील तिसरा हिस्सा नाहीसा होतो. तो वाचविण्यास औषधाची मात्रा वर्षातून दोनदा पुरेल. झाडू व खुरपे मात्र दर आठवड्यास हाती घेतले पाहिजे.