संक्रांत आणि भोवरा

पौषातील थंडीत घरोघरी तीळ भाजल्याचा खमंग वास दरवळू लागतो. “आजपासून दिवस तिळातिळाने वाढणार हो!” असे म्हणत आजी संक्रांतीला नातवंडांच्या हातावर तिळगूळ ठेवते. परंतु पंचांगात सूर्योदय व सूर्यास्त यांच्यामधील अंतर मोजून पाहिले, तर निराळेच आढळते. दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागलेला असतो. संक्रांत येते ती १४ किंवा १५ जानेवारीला. मग आजीचे बोलणे खोटे म्हणावे काय?

तसे नव्हे. उत्तरायणाचा आरंभ आणि सूर्याचा मकर राशीत प्रवेश या दोन वेगळ्या घटना होत. सुमारे १७०० वर्षांपूर्वी त्या एकाच वेळी घडत असत. पुढे त्यांची फारकत कशी झाली, हे तुमच्या हातातला भोवराच सांगेल.

वेगाने फिरणारा भोवरा कललेला असूनही पडत नाही. मात्र त्याचे डोके सावकाश एक वर्तुळ काढीत असते. गुरुत्वाकर्षण त्याला पाडू पाहते. पण स्वतःभोवतीच्या गतीमुळे तो पडण्याऐवजी डुलतो. आपली पृथ्वीही असाच एक कललेला भोवरा आहे. विषुववृत्तापाशी ती किंचित फुगलेली आहे. तेथील व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. या फुगवट्याला चंद्र आणि सूर्य ओढतात व पृथ्वीचा आस डुलू लागतो. त्याची एक फेरी पुरी होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात! यामुळे घडणाऱ्या बदलाला अयनचलन म्हणतात.

ऋतू आणि तारे यांची जोडी अशी हळूहळू सुटत जाते. आपली तारीख ऋतूंना धरून चालते, तर संक्रांत ताऱ्यांना. म्हणून संक्रांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला, तेव्हा तारीख होती १२ जानेवारी.

मुलांनो, हे केवळ वाचून मानू नका. डिसेंबरच्या आरंभी अंगणात एक सरळ काठी रोवा आणि संक्रांतीपर्यंत रोज तिची भर दुपारची सर्वांत आखूड सावली मोजून ठेवा. ही सावली कोणत्या दिवसापर्यंत वाढत गेली व केव्हा घटू लागली, ते तुमची वहीच सांगेल. मग ती वही घेऊन आजीजवळ बसा आणि तिळगूळ खात खात तिला ही गोष्ट सांगा. पूर्वजांनी आकाश पाहून हा सण ठरविला. आकाश पुन्हा पाहणे हाच त्यांचा खरा मान होय.